तुम्ही विचारलंत म्हणून: स्टॅच्यूशेजारी कुठलं कॉमिक?

घरी पहिल्यांदा येणारा माणूस हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी थबकतो आणि मग प्रश्न ठरलेले असतात. पहिला किमतीचा. तो मला नेमका तेव्हाच ऐकू येत नाही. दुसरा, "मुलाचे का हो?" मला मुलगी आहे आणि तिला यात काडीचा रस नाही. हे 'बाहुले' (शब्द नवऱ्याचा) माझे, माझ्या पगारातले. तिसरा प्रश्न मात्र ज्यांच्याकडे स्वतःचे एक-दोन सुपरहिरो स्टॅच्यू आहेत तेच विचारतात: प्रत्येकाच्या शेजारी हे जे कॉमिक ठेवलंय, ते निवडता कसं?

गेल्या महिन्यात भाच्याने हाच प्रश्न फोटोसकट पाठवला. "मावशी, बघ ना, काहीतरी चुकतंय." फोटोत स्पायडर-मॅन. गुडघे कानापर्यंत आलेले, एक हात जमिनीला, डोळे बशीएवढे, अंगाला एक विचित्र पीळ. मागे उभा केलेला अंक 'अमेझिंग फँटसी' १५. ऑगस्ट १९६२ चा, म्हणजे स्पायडर-मॅनचा पहिलाच. अर्थात पुनर्मुद्रण, ज्याला फॅक्सिमिली म्हणतात. १२ सेंट किमतीसह आणि जुन्या जाहिरातींसह जसाच्या तसा छापलेला. पोराचं म्हणणं, पहिल्या अंकापेक्षा योग्य काय असणार?

मी त्याला विचारलं, हा स्टॅच्यू कुणाच्या हातचा आहे? त्याने कंपनीचं नाव सांगितलं. मला ते नको होतं. शिल्पकारासमोर चित्र कुणाचं होतं, ते हवं होतं.

स्पायडर-मॅन एक नाही. स्टीव्ह डिटकोचा स्पायडर-मॅन हडकुळा, शाळकरी, काखेत जाळी असलेला. तो भिंतीवर चढतो तेव्हा खरंच किड्यासारखा दिसतो आणि थोडी भीती वाटते. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' या मालिकेच्या ३८ व्या अंकानंतर डिटको गेला आणि १९६६ मध्ये जॉन रोमिटा आला. हा आधी प्रेमकथांची कॉमिक्स काढायचा, त्यामुळे त्याच्या हातात पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा मुलगा, एकदम देखणा झाला, खांदे भरले, केस नीट बसले. मग १९८८ मध्ये २९८ व्या अंकापासून टॉड मॅकफार्लेन. त्याने डोळे मोठे केले, सांधे उलटे फिरवले आणि जाळ्याचा दोर असा गुंतवून काढला की लोक त्याला स्पगेटी म्हणू लागले. मला विचाराल तर शेवयाच.

भाच्याचा स्टॅच्यू नखशिखांत मॅकफार्लेनचा. आणि 'अमेझिंग फँटसी' १५ चं कव्हर? ते तर डिटकोचंसुद्धा नाही. पेन्सिलने काढलं जॅक कर्बीने, डिटकोने त्यावर फक्त शाई फिरवली. कर्बीची माणसं पैलवानी घाटाची. म्हणजे पुढे रबरासारखा वळलेला एक, मागे छाती काढून झोके घेणारा दुसरा, आणि दोघांच्या अंगात एकच कपडे. लग्नात दोन बायका सारखीच पैठणी नेसून शेजारी उभ्या राहिल्या की जे होतं, तेच त्या फळीवर झालं होतं.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं हे: स्टॅच्यू घेऊन बसा, डोळे बघा, काख बघा, जाळी बघा, आणि हात ओळखा.

पण नुसता हात ओळखून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. हात ओळखला की लोक लगेच त्या चित्रकाराचं सर्वांत गाजलेलं कव्हर आणतात. मॅकफार्लेन म्हणजे मे १९८८ चा ३०० वा अंक. त्यावर कोण? पुन्हा स्पायडर-मॅनच. पुढे तो, मागे तो. स्टॅच्यूत जे चारी बाजूंनी दिसतंय, तेच मागे सपाट. माझे वडील गणपतीची आरास फार सुंदर करायचे. तेव्हा थर्माकोल चालायचं, ब्लेडने कमानीच्या कमानी कापून ठेवायचे. मखराच्या मागच्या पडद्यावर मी हौसेने एकदा गणपतीचंच चित्र काढलं, तर त्यांनी शांतपणे ते उलटं करून कोऱ्या बाजूने लावलं. "पुढे बसलाय ना तो? मग मागे परत कशाला?"

म्हणून मी स्टॅच्यूला मागे त्याचंच चित्र देत नाही, समोर कुणीतरी देते.

माझ्याकडच्या हल्कचं बघा. मुठी आवळून, दात-ओठ खाऊन उभा आहे. पण कुणावर चिडलाय? त्याच्या उजव्या हाताला मी 'वुल्व्हरिन'चा १९८२ चा पहिला अंक ठेवलाय, ख्रिस क्लेअरमाँटच्या कथेचा आणि फ्रँक मिलरच्या चित्रांचा. त्या कव्हरवर वुल्व्हरिन, मुठीतून पात्यांसारखी नखं काढणारा, हसत एका बोटाने खुणावतोय, 'ये.' बस्स, एवढंच. तो अंक तिथे आल्यापासून हल्कच्या रागाला कारण मिळालं. हात जुळत नाही, हे मान्य. पण माणूसच वेगळा असला की हात थोडा इकडेतिकडे चालतो. तिथे नजर जुळावी लागते.

या जागेवर आधी दुसरा अंक होता आणि ती माझी फजिती. 'इन्क्रेडिबल हल्क' ३४०, फेब्रुवारी १९८८. कव्हर मॅकफार्लेनचं: वुल्व्हरिनचा चेहरा, पुढे त्याची नखं, आणि त्या चकचकीत पात्यांत हल्कचं प्रतिबिंब. यापेक्षा चांगलं काय मिळणार म्हणून घेतला, ठेवला, चार पावलं मागे जाऊन बघितलं, तर पात्यांतला हल्क राखाडी आणि माझा हिरवा. त्या काळात कथेत हल्क राखाडी होता, हे मला माहीत होतं, तरी विकत घेताना डोक्यात आलं नाही. गंमत म्हणजे मे १९६२ च्या पहिल्या अंकातसुद्धा तो राखाडीच होता. पण छपाईत ती राखाडी छटा पानागणिक बदलायला लागली, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवं केलं. ज्यांच्याकडे राखाडी हल्क आहे त्यांनी ३४० डोळे मिटून घ्यावा. माझा खोक्यात आहे.

बॅटमॅनच्या बाबतीत चित्रकार ब्रायन बोलंडने काम सोपं करून ठेवलंय. १९८८ च्या 'द किलिंग जोक'च्या कव्हरवर त्याचा वैरी जोकर डोळ्याला कॅमेरा लावून सरळ आपल्याकडे बघतोय. तो अंक बॅटमॅनच्या मागे ठेवला तर तो पाहुण्याचा फोटो काढतो. बॅटमॅनसमोर, थोडा तिरका ठेवला की बॅटमॅनचा काढतो. मी तिरका ठेवलाय. बँकेतली एक मैत्रीण ते बघून इतकी हसली, की तिने आयुष्यात कॉमिक वाचलेलं नसताना मागून घेऊन गेली.

माझा नियम एकाच कव्हरने मोडलाय. १९८६ च्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'च्या पहिल्या अंकावरही बॅटमॅनच आहे, पण निळ्या आभाळात चमकलेल्या विजेपुढे नुसती काळी आकृती, उडी घेतानाची. तिथे माणूस नाहीच, हवामान आहे. तो स्टॅच्यूच्या मागे पण वर, डोक्याच्याही वर, वीतभर उंचीवर लावायचा.

उंचीचं निघालंच आहे तर तेही सांगते. हल्लीचं अमेरिकन कॉमिक सव्वादहा इंच उंच असतं. एक-दशांश मापाचा स्टॅच्यू सात-आठ इंचांचा. त्याच्यामागे अंक थेट लावला की मखर मोठं आणि मूर्ती लहान. एक-चतुर्थांश मापाचे दीड-दोन फुटांचे धूड असतात, त्यांच्या कमरेशी अंक घुटमळतो आणि पायपुसण्यासारखा दिसतो. लहान स्टॅच्यूला चौरंग द्या, मोठ्या स्टॅच्यूच्या अंकाला द्या. गौरीपुढच्या पायऱ्या मांडलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

आता ऊन. ही दुसरी फजिती.

ऑक्टोबर १९९१ चा 'एक्स-मेन'चा, म्हणजे वुल्व्हरिनच्या टोळीचा, पहिला अंक म्हणजे क्लेअरमाँट आणि चित्रकार जिम ली. पाच वेगवेगळ्या कव्हरांत काढला आणि सगळ्या मिळून ऐंशी लाखांच्या आसपास प्रती खपल्या. गिनेसमध्ये नोंद आहे. एवढ्या छापल्यामुळे आजही तो स्वस्तात मिळतो. पाचांपैकी चार कव्हरं शेजारी-शेजारी लावली की एकच सलग चित्र होतं, साडेसव्वीस इंचांचं. त्यात मॅग्नेटोचं, म्हणजे त्यांच्या वैऱ्याचं, कव्हर लालजांभळं, झगझगीत. मी चारही अंक पश्चिमेच्या खिडकीशेजारच्या उघड्या फळीवर लावले आणि पुढे वुल्व्हरिनचा स्टॅच्यू. ठाण्याचं दुपारी चारचं ऊन, दोन उन्हाळे. रोज बघणाऱ्याला कळत नाही. दिवाळीच्या साफसफाईत स्टॅच्यू उचलला आणि मॅग्नेटोवर वुल्व्हरिन सापडला. जिथे स्टॅच्यूची सावली पडत होती तेवढा भाग ताजा लाल, बाकीचा मॅग्नेटो धुवट गुलाबी. कडा धूसर, पण केसांची दोन टोकं ओळखू येत होती. छपाईच्या रंगांत लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा मागे राहतो, हे तेव्हा मला पुराव्यासह समजलं. तो अंक टाकून दिला नाही. आता तोच मी लोकांना हौसेने दाखवते.

तेव्हापासून फळीवर दोन महिन्यांपेक्षा जास्त कुणालाच मुक्काम नाही. पावसाळ्यात तर सगळेच अंक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. नाहीतर पिना गंजतात आणि मधल्या पानाला तपकिरी डाग पडतात. पिशवीत अंकाच्या मागे आम्लविरहित पुठ्ठा हवाच, नाहीतर टेकवून ठेवलेला अंक आठ दिवसांत मान टाकतो.

काही जण विचारतात की ग्रेडिंग करून, म्हणजे तपासून दर्जाचा आकडा लावून आणलेला, कडक प्लॅस्टिकच्या डबीत सील केलेला अंक का नाही ठेवत. माझ्याकडे असा एकही नाही. काचेच्या कपाटात प्लॅस्टिकची चमक, त्यावर दिव्याची चमक, आणि वर तो आकडा. बघणारा आधी नऊ पूर्णांक किती ते वाचतो, मग चित्र. शिवाय तो उघडायचा नाही. न उघडणारं पुस्तक मला घरात नकोच.

आणि उघडायचं म्हणजे कपाटातसुद्धा उघडायचं. माझा दुसरा स्पायडर-मॅन रोमिटाच्या हातचा आहे, नुसता उभा, मान जराशी खाली. त्याच्या शेजारी मी जुलै १९६७ चा ५० वा अंक ठेवलाय, पण कव्हर दाखवून नाही. आत एक पान आहे: गल्लीतल्या कचऱ्याच्या पिंपात वेश टाकलेला, बाही बाहेर लोंबतेय, आणि दूर पाठमोरा पीटर निघून चाललाय. ते पान उघडून, आईकडून आणलेल्या पोथीच्या लाकडी घडीच्या स्टँडवर. अर्थात फॅक्सिमिली, कारण जुन्या अंकाचा कणा असा उघडा ठेवला तर महिन्यात तुटेल. फॅक्सिमिलीला 'खोटं' म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की रविवर्म्याची लक्ष्मीही घरोघरी छापीलच पोचली. आईने मात्र स्टँड बघून विचारलं, "यावर आता काय, कचऱ्याचा डबा?" नंतर चष्मा लावून ते पान बराच वेळ बघत बसली. "पोरगं कुठे चाललंय?" म्हणाली. मी सगळी गोष्ट सांगितली.

तर भाच्याला मी सांगितलं की मॅकफार्लेनच हवा, पण ३०० नको. १९८९ चा ३१६ शोध. कव्हरवर स्पायडर-मॅन नाही, त्याचा वैरी व्हेनम आहे, तोंडभर दातांचा. तुझा स्टॅच्यू इतका दबा धरून का बसलाय, ते त्या अंकाने कळेल. पोरगं चिकाटीचं. तीन आठवड्यांत कुठूनतरी वाचून जीर्ण झालेली, कोपरा दुमडलेली प्रत मिळवली आणि नवा फोटो पाठवला. व्हेनम डावीकडे. स्टॅच्यूची नजर उजवीकडे, फ्रिजवर.

"अंक उजवीकडे घे," मी लिहिलं.

"उजवीकडे स्विचबोर्ड आहे, मावशी."

"मग स्टॅच्यू फिरव."

"फिरवला तर त्याची पाठ येते."

काल रात्रीपर्यंत त्याने फ्रिज हलवायचं ठरवलं होतं. ताईचा फोन यायचा आहे.