तुम्ही विचारलंत म्हणून: राहुरीला जाताना काय न्यावं?

"एक दिवस काढून राहुरीच्या कृषी विद्यापीठात जायचंय. जाऊन खरंच काही हाती लागतं का, की नुसतीच शिवारफेरी होते?" हा प्रश्न वर्षभर येतो, पेरणीच्या तोंडावर जरा जास्तच. खरं सांगायचं तर रिकाम्या हातानं गेलात तर शिवारफेरीच होते. गर्द बांध, पाट्या लावलेले वाफे, दोन फोटो आणि संध्याकाळी घरी. काही आणायचं असेल तर आधी काही न्यावं लागतं.

अहिल्यानगरहून मनमाड रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर, राहुरी गावाच्या अलीकडे, महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. वसाहत, शाळा, वसतिगृहं, टपाल कार्यालय असं सगळं असलेलं हे एक गावच आहे, फक्त इथं घरांपेक्षा वाफे जास्त. १९६८ साली महाराष्ट्राचं पहिलं कृषी विद्यापीठ म्हणून याची स्थापना झाली. एकाच विद्यापीठावर राज्य भागणार नव्हतं. विदर्भात १९६७ मध्ये आंदोलन पेटलं, १९६९ मध्ये अकोल्याचं विद्यापीठ झालं आणि १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीचं. राहुरीकडे दहा जिल्हे राहिले: नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर. तुमचा जिल्हा यात नसेल तर इथली शिफारस जशीच्या तशी उचलू नका. लातूरच्या माणसानं आधी परभणीला विचारावं, रत्नागिरीच्या माणसानं दापोलीला.

आणि यादीत जिल्हा असला तरी गाडी काढण्याआधी थांबा. तुम्हाला हवं ते राहुरीत असेलच असं नाही. विद्यापीठाचं निम्मं काम बाहेरच्या केंद्रांवर चालतं. उसाचं फलटण तालुक्यातल्या पाडेगावला, गुळाचं कोल्हापूरला, गव्हाचं निफाडला, सोयाबीनचं सांगलीजवळ कसबे डिग्रजला, केळी आणि तेलबियांचं जळगावला, कोरडवाहूचं सोलापूरला, अंजीर-सीताफळाचं पुरंदरमधल्या जाधववाडीला. उसाच्या बेण्यासाठी सांगलीहून राहुरी गाठणारा माणूस वाटेत पाडेगाव चुकवून येतो. शिवाय राजगुरुनगरचं कांदा-लसूण केंद्र, मांजरीचं द्राक्ष केंद्र आणि सोलापूरचं डाळिंब केंद्र ही दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेची आहेत, राहुरीची नाहीत. त्यांच्या बियाण्याची चौकशी इथं करून उपयोग नाही. डाळिंबाची मृदुला आणि भगवा मात्र राहुरीचीच.

आता न्यायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे तपासणीसाठी माती. अर्धा किलो, पण नीट काढलेली.

बहुतेक नमुने प्रयोगशाळेत पोचण्याआधीच वाया गेलेले असतात. बांधाजवळून, झाडाखालून, शेणखताचा ढीग होता तिथून किंवा जनावरं बांधायच्या जागेवरून उचललेली माती तुमच्या रानाची नसतेच. नमुना पीक निघाल्यावर, नांगरटीआधी घ्या. रासायनिक खत टाकून तीन महिने तरी झालेले असावेत. रानात काळी आणि मुरमाड असे दोन पट्टे असतील तर दोन नमुने, एकात एक मिसळायचे नाहीत. एका पट्ट्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करा आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या. हंगामी पिकाला साडेबावीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभर, उसाला तीस. आतली माती काढून टाका, मग खड्ड्याच्या उतरत्या कडेची वरपासून तळापर्यंत दोन-तीन सेंटीमीटर जाडीची चकती तासून घ्या. इथंच लोक चुकतात. वरची माती जास्त येते, खालची कमी, आणि अहवालात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणाचा कार्बन) उगाच चांगला दिसतो.

सगळ्या खड्ड्यांची माती गोणपाटावर मिसळायची, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताची रिकामी गोणी धुतली तरी नको, तिच्यातला नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) तुमच्या मातीत जाऊन बसतो. जस्त-लोह तपासायचं असेल तर लोखंडी टिकाव आणि पत्र्याची बादली दोन्ही बाजूला ठेवा, लाकडी खुंटी आणि प्लास्टिकचं घमेलं वापरा. फळबाग लावायची असेल तर एका नमुन्यानं काम होत नाही. तीन फूट खोल जाऊन फुटाफुटाच्या तीन पिशव्या वेगळ्या भरायच्या आणि मध्येच मुरूम लागला तर तिथं थांबून तसं लिहायचं. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, तारीख, मागचं पीक, पुढचं पीक, पाणी विहिरीचं की कॅनॉलचं हे हवंच.

बागायत असेल तर पाण्याची बाटलीही न्या. मोटर पंधरा-वीस मिनिटं चालवायची, बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळायची, लिटरभर भरून त्याच दिवशी द्यायची.

पाण्याचं एवढं कशाला, असं वाटत असेल तर राहुरीच्याच आसपास पाहा. विद्यापीठाच्या शेजारी बारागाव नांदूरला मुळा धरण आहे, २६ टीएमसीचं. पलीकडे प्रवरेचे कालवे. पाणी आलं, ऊस आला, आणि निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षारही वर आले. अशी रानं मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि दोन्हींना लोक सरसकट "क्षारपड" म्हणून मोकळे होतात. उन्हाळ्यात वर पांढरी भुकटी दिसते ती खारवट जमीन: सामू (पीएच) साडेआठच्या आत, क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर. ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी आणि पाणी वर तासन् तास डबक्यासारखं उभं राहतं ती चोपण: सामू साडेआठच्या वर, मातीच्या कणांना चिकटलेला (विनिमययोग्य) सोडियम १५ टक्क्यांच्या वर. जिप्सम चोपणीला लागतं. खारवट रानाला चर काढून चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढावे लागतात, तिथं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. चोपणीतही निचऱ्याची वाट केली नाही तर जिप्सम टाकून सुटलेला सोडियम जाणार कुठे? अहवाल हातात असला की हा घोळच होत नाही.

न्यायची दुसरी गोष्ट एक आकडा आहे: तुमच्या रानात मुरूम किती खोलीवर लागतो. पहार मारून बघा, पाच मिनिटांचं काम. बियाण्याच्या खिडकीवर "ज्वारीचं चांगलं वाण द्या" म्हणणाऱ्याला चांगलं उत्तर मिळत नाही, कारण राहुरीनं रब्बी ज्वारीची वाणं जमिनीच्या खोलीनुसारच काढली आहेत. फूटभर माती असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माउली, लवकर येणारी, ओल संपायच्या आत दाणा भरणारी. दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा. त्याहून खोल काळ्या रानात फुले वसुधा. पाणी देणार असाल तर फुले रेवती. उथळ रानात वसुधा पेरली तर वाणाचा दोष नाही. ती उशिरा येते, आणि तोवर त्या फूटभर मातीतली ओल संपलेली असते, मग कणीस निम्मं पोकळ. जुनी मालदांडी ३५-१ अजून लोक मागतात, भाकरी आणि कडबा दोन्हीसाठी, आणि त्यात काही वावगं नाही. हुरड्याचं वाण वेगळं (फुले मधुर), लाह्यांचं वेगळं (फुले पंचमी). आपण काय खाणार तेही आधी ठरवा.

हरभऱ्याचंही तसंच, फक्त तिथं दाण्याचा आकार बघायचा. विजयसारख्या बारीक दाण्याला हेक्टरी ६५ ते ७० किलो बियाणं पुरतं, विशाल, दिग्विजय, विराट अशा टपोऱ्या दाण्याला १०० किलो लागतं. दोघांना एकच माप लावलं की एकीकडे दाटी, दुसरीकडे नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा. हार्वेस्टरनं काढायचा असेल तर उंच वाढणारा फुले विक्रम मागा. बुटक्या हरभऱ्याचे खालचे घाटे यंत्राखाली रानातच राहतात.

हेक्टरी हा शब्द इथं पक्का ध्यानात ठेवा. विद्यापीठाचं सगळं हेक्टरात चालतं, आपलं एकरात, आणि अडीच पट खताची चूक इथूनच होते. दुसरी गफलत नत्र आणि युरिया एकच समजण्याची. जिरायत हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद. एकरी झालं १० आणि २०. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. म्हणजे एकराला एक गोणी पेरून दिली की हिशेब मिटला, वरून युरिया ओतायचं कारण उरत नाही. ओतलात तर हरभरा माजतो, फुटवा वाढतो, घाटे कमी. शिफारसही मध्यम जमिनीसाठी असते. अहवालात एखादं अन्नद्रव्य "कमी" आलं तर तेवढं पंचवीस टक्क्यांनी वाढवायचं, "जास्त" आलं तर पंचवीस टक्क्यांनी कमी करायचं. मातीचा अहवाल घरात फ्रेम करून ठेवायला नसतो. हे सगळे आकडे विद्यापीठाच्या दरवर्षी निघणाऱ्या कृषिदर्शनीत मिळतात. ती घ्या आणि आपल्या पिकाच्या पानावर एकरी आकडे पेन्सिलीनं लिहून ठेवा.

आणायचं काय, तर मुख्यतः बियाणं. खरिपासाठी मे महिन्यात चौकशी करा, रब्बीसाठी ऑगस्टमध्ये. पेरणीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर हवं ते वाण उरलेलं नसतं. गोणीवरच्या खुणपट्टीचा रंग वाचायला शिका. सोनेरी पिवळी म्हणजे पैदासकार, वाण काढणाऱ्यांचं मूळ बियाणं, ते बहुतेक बियाणं तयार करणाऱ्या संस्थांकडे जातं, तुमच्या पेरणीला त्याची गरजही नाही. पांढरी पायाभूत, निळी प्रमाणित, हिरवी सत्यप्रत. सत्यप्रतची तपासणी प्रमाणीकरण यंत्रणेनं केलेली नसते, हमी विकणाऱ्याची. विद्यापीठाचं सत्यप्रत बियाणं वाईट नसतं, पण निळ्या पट्टीच्या भावात घेऊ नका.

सोयाबीन, हरभरा, गहू, रब्बी ज्वारी ही सरळ, म्हणजे संकरित नसलेली वाणं. एक गोणी आणली की तीन वर्षं घरचं बियाणं वापरता येतं, एवढ्यासाठी तरी खेप परवडते. संकरित वाणाचं दुसऱ्या वर्षी ठेवू नका. सोयाबीनच्या बाबतीत मात्र जपून. टरफल इतकं पातळ असतं की थ्रेशर जोरात फिरला, पोती आपटली, थप्पी उंच लावली की आतला अंकुर मरतो आणि दाणा वरून ठणठणीत दिसतो. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी सत्तर निरोगी कोंब मोजले गेले तर एकरी ३० किलो पेरा. पासष्ट आले तर ३० गुणिले ७० भागिले ६५, म्हणजे ३२ किलो. साठच्या खाली आलं तर ते बियाणं तेलाला पाठवा. विकतच्या बियाण्याचीही हीच चाचणी करा. बिल, खुणपट्टी, रिकामी पिशवी आणि मूठभर दाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीसमोर या चार गोष्टींवाचून कुणी ऐकून घेत नाही.

उसाचं थोडक्यात. फुले २६५ क्षारपड रानातही तग धरतो, म्हणून लोकप्रिय झाला. पण तो उशिरा पक्व होतो, लवकर तोडला तर साखरेचा उतारा कमी येतो, आणि मग कारखान्याचा चिटबॉय (ऊसतोडीची नोंद ठेवणारा माणूस) नाक मुरडतो त्यात नवल नाही. बेणं नऊ ते अकरा महिन्यांच्या मळ्यातलंच घ्या, खोडव्याचं कधीच नको. चुनखडीच्या रानात ऊस पिवळा-पांढरा पडतो तो लोहाच्या कमतरतेनं. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट नुसतं टाकलं तर चुना त्याला लगेच बांधून टाकतो. दहापट शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून मग द्या.

"तिथली त्रिवेणी गाय मिळेल का?" हेही बरेच जण विचारतात. फुले त्रिवेणी म्हणजे निम्मं होल्स्टिन, पाव जर्सी, पाव गीर. ती राहुरीचीच. पण २००० सालापासून पशुवैद्यकाचं शिक्षण नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेलं आहे, जनावराच्या दुखण्याला राहुरी गाठू नका.

आणि मुलीला तिथं शिकायला घालावं का, हा प्रश्न हल्ली वाढलाय. बी.एस्सी. कृषी चार वर्षांची, प्रवेश सीईटीतून. एक खूणगाठ बांधून ठेवा: शेवटच्या वर्षाची मुलं अनुभवासाठी गावात राहायला येतात. तुमच्या गावात आली तर त्यांना सत्काराला बोलवत बसू नका. रानात न्या, आठ-दहा खड्डे घ्यायला लावा आणि मातीची ती पिशवी त्यांच्याच हाती राहुरीला पाठवा.