टायमिंग चेन : सकाळच्या दोन सेकंदांच्या खडखडीपासून नव्या चेनपर्यंत

माझी डिझेल गाडी सकाळी चालू करताना दोन सेकंद खडखडायची, आणि मागच्या नोंदीत मी इंजेक्टरवर (डिझेल फवारणाऱ्या नळीवर) संशय घेऊन थांबलो होतो. तो संशय चुकीचा होता. दुखणं टायमिंग चेनचं निघालं, म्हणजे खालचा क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणाऱ्या साखळीचं. चेन, टेन्शनर (तिला ताणून धरणारा), गाइड (जिच्यावरून ती सरकते ती प्लॅस्टिकची पट्टी), स्प्रॉकेट (दातेरी चाकं) सगळं बदलून झालंय आणि त्यानंतर गाडी ७०० किलोमीटर चालली आहे. मधले पाच आठवडे सविस्तर लिहितो, कारण हेच इंजिन आपल्यापैकी कितीतरी जणांकडे आहे.

इंजिन म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट. १२४८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह. पुण्यापासून तासा-दीड तासावर रांजणगावला हे बनायचं आणि किती वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसायचं! माझा या इंजिनावर जीव आहे, म्हणून आधीच सांगतो, जे झालं त्यात इंजिनाचा दोष नाही. गाडी २०१२ ची, मामांकडून घेतलेली, १ लाख ५८ हजार किलोमीटर झालेली. इंजिनातलं तेल केव्हा केव्हा बदललं होतं असं मामांना विचारलं तर म्हणाले, "अरे, कमी झालं की टाकायचो की वरून!" तिथेच निम्मं निदान झालं होतं, पण मला ते तेव्हा कळलं नाही.

लक्षण असं होतं : रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी पहिला सेल्फ मारला की ड्रायव्हरच्या बाजूने खडखड. डबड्यात खिळे हलवल्यासारखी. दोन सेकंद, की गप्प. दिवसभर पुन्हा नाही. चार दिवस मी बॉनेट उघडून कान लावत बसलो. पाचव्या दिवशी बायकोला सेल्फ मारायला सांगून मी खिडकीतून डॅशबोर्डकडे बघत उभा राहिलो, आणि लक्षात आलं की ऑइलचा लाल दिवा विझतो त्याच क्षणी आवाज बंद होतो. इंजेक्टरची ठकठक ऑइल प्रेशरचं ऐकत नाही. टेन्शनर मात्र ऐकतो, कारण तो तेलाच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन ढिली असते आणि गाइडवर आपटते.

तरी लगेच कव्हर उघडायला धावलो नाही. आधी तेल आणि फिल्टर बदलला. काही फिल्टरमध्ये उलटा प्रवाह अडवणारा रबरी व्हॉल्व्ह असतो; तो खराब असेल तर रात्रीतून तेल खाली उतरतं आणि चांगल्या चेनचाही असाच आवाज येतो. स्वस्तातलं काम आधी करावं, चार दिवसांचं नंतर. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. आठवड्याने गाडी सेल्फ जास्त घ्यायला लागली आणि स्कॅनरवर कोड आला, पी००१६. क्रँक आणि कॅम यांची जागा एकमेकांशी जुळत नाही, असा त्याचा अर्थ. हा कोड खराब सेन्सरमुळे किंवा वायरिंगमुळेही येतो. म्हणून दोन्ही कनेक्टर साफ केले, वायरी हलवून बघितल्या, कॅम सेन्सर नवा लावला. तिसऱ्या दिवशी कोड परत हजर.

मग लॉकिंग पिना आणल्या, म्हणजे क्रँक आणि कॅम ठरलेल्या जागी अडकवून धरणाऱ्या पिना. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी सगळ्यात आधी पिनांचा सेट घ्यावा, कारण कव्हर न उघडता खरी परीक्षा त्यानेच होते. एक पिन बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सकडच्या आवरणाच्या) भोकातून फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे क्रँकच्या टोकाच्या जड चाकात, जाते आणि क्रँक जागच्या जागी धरते. दुसरी वरून, कॅम कॅरियरचा (कॅम बसतो त्या वरच्या भागाचा) प्लग काढून कॅमच्या खाचेत बसते. टायमिंग बरोबर असेल तर दोन्ही हाताने जातात. क्रँकची पिन टक्कन बसली. कॅमची तीन-चार आटे गेली आणि अडकली. काढून पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. पाना लावायचा मोह आवरला. टॉर्च मारून बघितलं तर भोकाच्या मध्यावर असायला हवी ती खाच एका कडेला सरकलेली, अर्धीच दिसत होती. चेन लांबली की कॅम क्रँकच्या मागे रेंगाळतो, हे आजवर फक्त वाचलं होतं. त्या भोकात ते डोळ्यांनी दिसलं.

उघडायच्या कामाबद्दल थोडक्यात. इंजिनाला आधार देऊन उजवं फाउंडेशन (इंजिन गाडीला धरणारा रबरी आधार) सोडवलं, क्रँक पुली काढली, ऑइल चेंबर (तळाची तेलाची टाकी) खाली घेतलं, मग टायमिंग कव्हर. शनिवार-रविवार असे दोन आठवडे गेले. चेंबरच्या तळाशी डांबरासारखा काळा थर होता आणि तेल ओढून घेणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीत प्लॅस्टिकचे काळे तुकडे, तांदळाच्या कणीएवढे. ती गाइडची झीज. हे तुकडे जाळीत राहिले असते तर नव्या चेनलाही तेल कमी पडलं असतं, म्हणून नुसती चेन बदलून चेंबर तसंच ठेवणं मला बिलकूल पटत नाही.

जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्या. जुनी अडीच मिलीमीटर खाली. लोखंड ताणलं जात नाही, कड्यांच्या सांध्यांतल्या पिना आणि बुश झिजतात. चेन गोल असल्याने टांगल्यावर वाढीचा निम्माच भाग दिसतो, म्हणजे एकूण पाच मिलीमीटर. शंभरावर सांधे आहेत, प्रत्येकात चार-पाच शतांश मिलीमीटर झीज धरा, हिशेब बसतो. डिझेलच्या तेलात काजळी असतेच. ती वेळेवर बाहेर काढली नाही तर तेच तेल पॉलिश पेपरसारखं काम करतं.

नवं सगळं पिना लावूनच बसवलं. टेन्शनरचं लॉक सोडलं, पिना काढल्या आणि सॉकेटने क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवली. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. कुठेही अडलं नाही. पुन्हा पिना लावल्या, दोन्ही बोटांनी आत गेल्या. (ज्यांच्या इंजिनात चेनवर रंगीत कड्या असतात त्यांनी दोन फेऱ्यांनंतर त्या स्प्रॉकेटवरच्या खुणांसमोर शोधू नयेत. त्या इतक्या लवकर परत येत नाहीत, तुमचं चुकलेलं नसतं.) मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारला, आणि त्यानंतरच गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खाली गेलो. बायको खिडकीत उभी. सेल्फ, आणि इंजिन थेट शांत आयडलला (जागेवर मंद चालू). खडखड नाही. कोडही आतापर्यंत आलेला नाही. तेल आता दर ७,५०० किलोमीटरला बदलणार, आणि पहिलं तर हजारालाच, उरलेली घाण निघावी म्हणून.

एक काम बाकी आहे. टायमिंग कव्हर आणि चेंबर जिथे ब्लॉकला मिळतात त्या कोपऱ्यात तेलाचा ओलावा दिसतोय. तिथे सिलिकॉन लावताना माझा हात थांबला होता, थर तुटला असणार. हजारचं तेल काढेन तेव्हा चेंबर पुन्हा खाली घेईन आणि तो कोपरा नीट करेन.