दोरांच्या खिंडीतून एसी

व्हिक्टोरियन सूतगिरणीचं ऑफिस करायचं म्हटलं की विकासकाला आधी उघड्या विटा, उंच खिडक्या आणि कॉफी मशीन दिसतं. मला तुळया दिसतात. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या गिरण्यांची कामं करते. सध्या यॉर्कशायरमधल्या एका पाच मजली, ग्रेड टू (सरकारी वारसा यादीतल्या एका श्रेणीतल्या) गिरणीत गुंतले आहे.

"एवढी जुनी इमारत आजचा भार पेलेल का?" हा प्रश्न ठरलेला. अहो, जिथे यंत्रांच्या रांगा दिवसभर थडथडत होत्या, तिथे टेबल-खुर्च्यांचं आणि लॅपटॉपचं ते काय ओझं! बहुतेक वेळा अडचण भाराची नसते, आपण कुठे हात घालतो त्याची असते.

खांब बिडाचे, आतून पोकळ. ओतताना साचा बहुधा आडवा असायचा. मधला गाभा जरा सरकला की खांबाची एक बाजू जाड आणि समोरची पातळ, पण बाहेरून काही कळत नाही. म्हणून रंग खरवडून चारी बाजूंनी अल्ट्रासाउंडने जाडी मोजायची. परवा एका खांबाला एकीकडे 28 मिलिमीटर भरली, समोर 17. हिशेब अर्थातच 17 धरून.

बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चं. 1830 च्या सुमारास मँचेस्टरमध्ये ईटन हॉजकिन्सन या अभियंत्याने तुळया मोडून मोडून हे तपासलं आणि तुळईचा खालचा पट्टा रुंद करायला लावला, कारण ताण तिथेच येतो. आणि केबल ट्रे टांगायला ठेकेदाराला भोकं पाडायची असतात तीही नेमकी तिथेच! "फक्त चार भोकं" म्हणे. एकही नाही. क्लॅम्प लावा.

तुळयांच्या मधे विटांच्या उथळ कमानी आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या घडीव लोखंडाच्या सळया. एसीवाल्याच्या नकाशात डक्ट (हवेचा मोठा नळ) थेट एका सळईतून गेलेला. "ही कापली तर चालेल ना?" मधल्या गाळ्यांत शेजारशेजारच्या कमानी एकमेकींना रेटून धरतात, तिथे निदान चर्चा तरी करता येते. हा गाळा शेवटचा होता. पलीकडे नुसती भिंत. सळई गेली की कमानीचा सगळा रेटा त्या भिंतीवर.

शिवाय कायदा आहेच. 1990 च्या कायद्यानुसार लिस्टेड, म्हणजे वारसा यादीतल्या, इमारतीच्या स्वरूपाला बाधा येईल असा बदल परवानगीशिवाय केला तर तो फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भाग सांभाळायचा, हा गैरसमज मी दर प्रकल्पात नव्याने काढते. आतलं सगळंही त्यात येतं.

मग डक्ट न्यायचा कुठून? उत्तर गिरणीतच होतं. इंजिनाच्या चाकावरून जाड दोर प्रत्येक मजल्याच्या शाफ्टपर्यंत (यंत्रं फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत) जायचे आणि त्यासाठी तळापासून वरपर्यंत एक अरुंद, उंच पोकळी सोडलेली असायची. इथले लोक तिला 'रोप रेस' म्हणतात. दोर कधीच गेले, पोकळी तशीच राहिली. आता एसी, वायरिंग, पाण्याचे पाइप सगळं त्यातून चढवतोय. भिंतीतले शाफ्टचे बिडाचे ब्रॅकेट झाकायचे नाहीत, ही संवर्धन अधिकारी बाईंची एकच अट. माझ्या मते रास्त आहे.

खरा शत्रू रिकामेपण. इंग्लंडमध्ये रिकाम्या लिस्टेड इमारतीला बिझनेस रेट्स (व्यावसायिक मालमत्तेवरचा कर) माफ असतात. हेतू चांगला, पण मग घाई कुणाला? तोवर पन्हाळी तुंबतात, पाणी भिंतीत मुरतं, तुळयांची टोकं गंजतात. लीड्सची टेंपल वर्क्स ही जुनी गिरणी ग्रेड वन, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीतली, आहे, तरी 2008 मध्ये तिच्या दर्शनी भागातला एक खांब ढासळलाच. उलट सॉल्टेअरची सॉल्ट्स मिल 1986 ला बंद पडली आणि पुढच्याच वर्षी उद्योजक जोनाथन सिल्व्हर यांनी घेतली. सगळं एकदम न करता एका आर्ट गॅलरीपासून सुरुवात केली. आमच्या विकासकाला मी हेच सांगतेय: आधी छप्पर, पन्हाळी आणि एक मजला भाड्याने द्या. त्याला मात्र काचेची लिफ्ट हवी आहे.

पुढच्या आठवड्यात आगीच्या सुरक्षेची बैठक. बिडाच्या खांबांना आगीत फुगणारा रंग किती जाड लावायचा यावर दोन तज्ज्ञांची तीन मतं आहेत, आणि चौथं माझ्याकडे तयार आहे.