फ्यूशियाचे सुजलेले शेंडे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, वेस्ट ससेक्समध्ये मी ज्या रोपवाटिकेत काम करतो तिथे ऑगस्टअखेर म्हणजे फ्यूशियाच्या, म्हणजे डुलांसारखी लोंबती फुलं येणाऱ्या झुडपाच्या, तक्रारींचा हंगाम. बहुतेक तक्रारी पाच मिनिटांत निकाली निघतात. त्या सकाळी मात्र एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर शेंडे घेऊन काउंटरवर आल्या. पिशवीचं तोंड सताड उघडं होतं. पहिलं काम केलं ते गाठ मारण्याचं. मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि ऑफिसात नेली.

शेंड्यांवर पानं अशी उरलीच नव्हती. टोकाची कोवळी पालवी एकमेकींत गुंतून जाड, गाठाळ झालेली, रंग पिवळट हिरवा आणि मधूनच लालसर, वर दाट लव. जिथे कळी यायची तिथे नुसता गोळा. खालची पेरं मात्र ठणठणीत.

"मावा असेल म्हणून साबणाचं पाणी मारलं, मग आंतरप्रवाही कीटकनाशक आणलं. काडीचा फरक नाही," बाई म्हणाल्या.

मावा असता तर पानं वाकडी झाली असती, पण चिकटा, त्याने टाकलेली कात आणि खुद्द मावाही दिसला असता. कॅप्सिड ढेकणाचा, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या किड्याचा, संशय येतो, कारण तोही शेंड्यावरच बसतो. तो कोवळ्या पानात लाळ सोडतो, तिथल्या पेशी मरतात आणि पान मोठं होताना तिथेच फाटतं. म्हणून तपकिरी कडांची बारीक भोकं दिसतात आणि तोवर ढेकूण पसार झालेला असतो. पान फाटतं, सुजत नाही. शेजारच्या लॉनवरून तणनाशक उडून आलं असतं तर पानं अरुंद होऊन पिळली असती, आणि गुलाब-टोमॅटोही सुटले नसते. ते बाईंकडे उत्तम होते. तांबेरा तर पान उलटलं की कळतो: खालच्या बाजूला नारिंगी भुकटी, बोटाला लागते. इथे तसलं काही नव्हतं.

उरला फ्यूशियाचा गाठी कोळी, अॅक्युलॉप्स फ्युक्सिए. मूळचा ब्राझीलचा. 1981 मध्ये कॅलिफोर्नियात, 2003 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनीत आणि 2007 मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये सापडला. लांबी 0.2 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खिशातल्या भिंगाने दिसला तर नशीब. ब्लेडने एक गाठ उभी चिरली आणि काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली धरली. घड्यांच्या आत, लवेच्या मुळाशी, फिकट पिवळे, गाजरासारखे निमुळते जीव सरकत होते. कोळ्याला आठ पाय असतात, याला चारच, तेही तोंडाकडच्या बाजूला. खात्री पटली.

औषध का लागू पडलं नाही तेही या चिरेतच दिसतं. साबण स्पर्शाने मारतो आणि फवारा गाठीच्या आत शिरत नाही. आंतरप्रवाही औषध होतं ते किड्यांसाठी. कोळी हा किडा नाही. घरगुती बागेसाठी इथे मिळणारं एकही औषध याच्यावर चालत नाही. आपल्याकडे मिरचीवर चुरडा-मुरडा आला की गंधकाची फवारणी आठवते, पण तो पिवळा कोळी पानाच्या खाली उघड्यावर असतो, गाठीत बसत नाही.

दुपारी बाईंच्या बागेत गेलो. कुंपणाला फ्यूशिया मॅजेलॅनिकाची रांग होती. दोन टोकांची झुडपं गाठींनी भरलेली, मधली वरवर चांगली. वसंतात मैत्रिणीकडून आणलेली छाट कलमं त्या दोन टोकांनाच लावली होती, असं विचारल्यावर कळलं. वारा, मधमाश्या, कपडे, सगळ्यांवरून हा कोळी पसरतो, पण लांबची उडी तो बहुधा कलमातूनच घेतो.

दोन्ही झुडपं मुळासकट काढली. आधी वर मोठी पिशवी ओढायची, मग बुंधा कापायचा. उलट केलं तर फांद्या हलून कोळी शेजारच्या झुडपांवर झडतात. माल कंपोस्टच्या ढिगात नाही, जाळायचा किंवा खोल पुरायचा. मधल्या झुडपांचे वरचे फूट-दीड फूट छाटले. छाटून झाड सुधारतं असं पुष्कळ जण सांगतात. माझ्या मते ती फक्त मुदत मिळते. 18 अंश सेल्सिअस तापमानाला कोळ्याची एक पिढी साधारण तीन आठवड्यांत तयार होते, त्यामुळे नवी फूट दर आठवड्याला तपासायची आणि पहिली गाठ दिसली की झाड काढायचं. कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडवली.

निघताना पायरीवरची एक कुंडी दिसली. पानं मान टाकून, माती ओलीचिंब, आणि बाई रोज पाणी घालत होत्या. झाड कुंडीतून उपसलं तर मातीचा गोळा राहिलाच नाही, मुळंच नव्हती. मातीत पांढुरक्या, बिनपायांच्या, तपकिरी डोक्याच्या, सेंटिमीटरभर लांब अळ्या वेटोळं करून पडलेल्या: व्हाइन वीव्हिल, म्हणजे काळा सोंड्या. पानांच्या कडांना कातरल्यासारख्या खाचा महिनाभर आधीच पडल्या असणार. हे भुंगे रात्री चरतात आणि सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. ती कुंडी वाचण्यातली नव्हती. बाकीच्या कुंड्यांना सूत्रकृमी, म्हणजे या अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत, पाण्यातून द्यायला सांगितले: माती आधी भिजवायची, संध्याकाळी द्यायचे कारण उन्हात ते मरतात, झारीची बारीक जाळी काढायची नाहीतर ते अडकतात, आणि नंतर दोन आठवडे माती सुकू द्यायची नाही. सूत्रकृमींची स्टायनरनेमा क्राउसी ही जात 5 अंशांपर्यंतच्या थंडीतही काम करते, म्हणून ऑक्टोबरातही चालते. पाकीट फ्रिजमध्ये, तारखेच्या आत.

रोपवाटिकेत परतण्याआधी कपडे बदलले आणि त्या दिवशी फ्यूशियाच्या बाकांकडे फिरकलो नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरजवळची सगळी फ्यूशिया वेगळ्या काचघरात हलवली, त्यांची विक्री आणि कलमं बंद. पिशवी उघडी आली होती, तेव्हा कोळी उडाले नसतील याची हमी कोण देणार?

बाईंना कुंपणात पुन्हा फ्यूशियाच हवी होती. मायक्रोफिला आणि थायमिफोलिया या जाती या कोळ्याला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. फुलं मात्र चिमुकली, लोंबत्या डुलांची हौस त्यांच्यावर भागत नाही. "एवढीशी फुलं?" म्हणत त्यांनी नाक मुरडलं आणि तरीही सहा मायक्रोफिला मागवल्या.