तुम्ही विचारलंत म्हणून: वाऱ्यात एवढं काय ऐकतोस?

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, शिकवणीला येणाऱ्या पोरांचे आईबाप फी देताना विचारतात, आणि परवा तर पेट्रोल पंपाच्या रांगेत एकानं विचारलं, "तुम्ही बासरी वाजवता न्हवं, मग माइक घेऊन पन्हाळ्यावर वाऱ्यात काय करत बसता?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेलाच, की त्यात संगीत कुठं आहे. आणि तिसरा कुणी तोंडावर विचारत नाही पण मला ऐकू येतो, की एवढं जयपूर घराण्याचं गाणं शिकलास आणि शेवटी हेच? आता एकदा सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हेच पाठवीन.

वाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो. तो कशाला तरी अडला की वाजतो. मोबाईलवर रेकॉर्ड करताना जी भसाभस गुरगुर येते ती वारा माइकच्या पडद्यावर आदळतो त्याची असते, म्हणून माइकला ती केसाळ टोपी घालावी लागते जिला बघून पन्हाळ्यावरची पोरं हसतात. टोपी घातली की मग खरं ऐकू यायला लागतं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गवत वाजतं, जांभ्याच्या कपारी वाजतात. पिंपळाच्या पानाला लांब देठ असतो म्हणून बाकी झाडं गप्प असताना तो एकटाच टपटपत असतो. सुरूच्या बारीक काड्यांतनं नुसता सूंऽऽ येतो, चिव्याच्या बेटात वेळू एकमेकाला घासून करकरतात. आणि ऊस. कोल्हापुरात राहून ज्यानं उसातला वारा ऐकला नाही त्याच्याशी मी काय बोलू? श्रावणात पाला हिरवा असतो तेव्हा सळसळ ओली असते, तोडीच्या दिवसांत तोच फड वाळल्या पाल्यानं खडखडतो. बांधावर उभं राहिलं की गगनबावड्याकडनं आलेली वाऱ्याची झोड दोन शेतं पलीकडं आहे हे आधी कानाला कळतं, मग ती जवळ येते, अंगाला लागते आणि तुम्हाला ओलांडून पुढच्या फडात जाते. ह्या येण्याजाण्यात मात्रा मोजता येत नाहीत पण लय आहे, आणि ती कुणी समजावून सांगावी लागत नाही.

कुंपणाची तारही वाऱ्यात वाजते, तिचं जरा सविस्तर सांगतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. वारा तारेवरनं जाताना मागं एकदा वरच्या, एकदा खालच्या बाजूनं भोवरे सुटत जातात आणि त्यातनं सूर येतो. वाऱ्याचा वेग, तारेची जाडी आणि सूर ह्यांचं नातं स्ट्रूहाल नावाच्या झेक शास्त्रज्ञानं १८७८ साली मोजून मांडलं. ढोबळमानानं हिशोब असा, की दोन मिलिमीटरच्या तारेवर सेकंदाला पाच मीटर वारा असेल तर सेकंदाला सुमारे ५०० कंपनांचा सूर निघतो. तार जाड असेल तर सूर खाली, बारीक असेल तर वर. आणि वारा दुप्पट झाला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. वाऱ्याचा जोर आणि सप्तक ह्यांचं इतकं साधं नातं असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यातच मेख आहे. जोर स्थिर नसतो, म्हणून सूर कधी एका जागी उभा राहत नाही, एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणारी सगळी मींडच मींड.

आता बुवांचं सांगतो.

बुवांकडं मी लहानपणापासून गाणं शिकलो, बासरी नंतर धरली, आणि बासरीवरही मी गाणंच वाजवतो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका दुपारी, चारपाच शिष्य बसलेले असताना, मी माझं पहिलं पूर्ण काम ऐकवलं. पन्हाळ्याच्या 'तीन दरवाजा' नावाच्या दरवाजातला वारा, कुंपणाच्या तारेचा सूर, त्यावर माझी बासरी, सगळं मिळून विसेक मिनिटं. बुवांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही थांबवलं नाही, आणि मला वाटलं की झालं, पोचलं. मग त्यांनी एका मुलीला तानपुरा घ्यायला सांगितलं. ती जुळवत होती तोवर कुणी काही बोललं नाही, तिनं पंचमाचा मणी सरकवला, परत सरकवला, तेवढ्या वेळात माझ्या पोटात गोळा आला होता. तानपुरा लागला. बुवा म्हणाले, "आता तुझं ते परत लाव, आणि ह्यात तुझा सा कुठाय तो दाखव."

मी लावलं. तार वाजायला लागली, वर गेली, खाली आली, तानपुऱ्याच्या जवळनं गेली आणि निघून गेली. माझ्या बासरीचा षड्ज तिच्याशीही जुळत नव्हता आणि तानपुऱ्याशीही. घरी एकट्यानं ऐकताना हे मला सुंदर वाटायचं, तिथं मला दोन मिनिटं ऐकवेना. बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "हे हवामान झालं रे. गाणं कुठाय?" आणि चहा आणा म्हणाले. कुणीतरी हसलं, बहुतेक वाक्यावर हसलं, माझ्यावर नाही, पण त्या वयात हा फरक करता येत नाही. चहा झाल्यावर बाकीचे गेले आणि बुवांनी जाता जाता सांगितलं की यंदा वार्षिक कार्यक्रमात तुझं वाजवणं नको, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. आजही गुरुपौर्णिमेला मी पाया पडायला जातो, ते आईची तब्येत विचारतात, पाऊस किती झाला विचारतात, वाऱ्याचा विषय दोघंही काढत नाही.

त्या दुपारी काय बोलायला हवं होतं ते मला रोज सुचतं. बुवा, तुम्हीच शिकवलंत की श्वास संपायच्या आत तान संपली पाहिजे, तान कुठं उचलायची आणि कुठं सोडायची हे छातीनं ठरवायचं. आपल्या घराण्याचा दमसास, आकारातली ती लांब, वळणावळणाची तान, शेवटी हवाच आहे ना? मी वाऱ्याकडं सूर शिकायला जातच नाही, मी तिथं सुरुवात कशी करायची आणि शेवट कसा सोडायचा हे ऐकायला जातो. झोड कधीच एकदम सुरू होत नाही, आधी लांब कुठंतरी पाला हलतो. आणि ती संपते तेव्हा तोडून टाकल्यासारखी संपत नाही, ओसरते. हे मी माझ्या आलापात आणलंय. ज्यांनी माझं यमन दहा वर्षांपूर्वी ऐकलंय त्यांनी आज ऐकावं.

आणि अल्लादिया खाँसाहेबांचं काय? शाहू महाराजांच्या दरबारात गायलेला एवढा मोठा माणूस, त्यांचा आवाज ऐन उमेदीत अतोनात गाण्यानं बसला आणि पूर्वीचा परतच आला नाही, हे घराण्यातलं शेंबडं पोर जाणतं. मग जो आवाज उरला त्याला झेपेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली, आणि आज आपण जिला जयपूर-अत्रौली म्हणतो ती ही. गळ्यानं जे दिलं त्यातनं खाँसाहेबांनी गाणं उभं केलं, तर मला वाऱ्यानं जे दिलं त्यातनं मी करू नये?

इथं बुवा म्हणतील, त्यांचा सा कधी हलला होता का? आणि ह्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

त्या वेळचा जो मी होतो त्याच्याशीही माझं भांडण आहे. त्याला वाटायचं बासरीनं वारा व्हावं, म्हणून तो सुरात मुद्दाम फुंकर मिसळायचा, हवेचा खरखर आवाज ठेवायचा. खऱ्या वाऱ्यात बासरी घेऊन उभं राहिलं की कळतं हे किती उलटं आहे. तीन दरवाजात पश्चिमेच्या वाऱ्याकडं तोंड करून बासरी वाजतच नाही, ओठातनं निघालेली फुंक भोकाच्या काठावर पोचायच्या आत वारा उडवून नेतो. वाऱ्याकडं पाठ करावी लागते, खांदे जरा पुढं घ्यावे लागतात, आपल्या अंगाच्या आडोशाला सूर लावावा लागतो. म्हणजे वारा आणि मी एकाच वेळी एकाच बासरीत मावत नाही. कधीतरी मात्र बासरी नुसती हातात धरलेली असताना वारा बरोबर कोनात येतो आणि ती आपली आपण बारीक बोलते, मी न फुंकता. त्या वेळच्या त्या पोराला तेवढ्यावरच वाटलं की वारा आपल्याला शिकवतोय. आज मी तसं म्हणणार नाही. पण त्याला तसं वाटलं नसतं तर तो आषाढात पठारावर भिजत उभाच राहिला नसता, म्हणून त्याचं सगळंच खोडायला माझा हात धजत नाही.

हल्ली एक करतो. घरी तानपुरा लावतो, त्यावर तारेचं रेकॉर्डिंग सोडतो, बुवांनी लावलं होतं तसंच. तार तिच्या मर्जीनं फिरते आणि फिरता फिरता मधेच पंचमावरनं जाते, क्षणभर, आणि अंगावर काटा येतो. बुवा म्हणतील योगायोग. असेलही. पण मी तो पंचम वाट बघून ऐकलेला असतो, आणि तानपुरा नुसताच चालू असतो तेव्हा मी पंचमाची इतकी वाट बघत नाही. ह्याला गाणं म्हणायचं का नाही ते मला माहीत नाही, हवामान मात्र मी म्हणणार नाही.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न, तोही तुम्ही विचारताच. सकाळ-संध्याकाळ शिकवण्या चालू आहेत, गणपतीत आणि दिवाळी पहाटला साथीची कामं येतात, घर चालतं. शिकवणीत मी राग शिकवतो, वारा शिकवत नाही, तेव्हा आईबापांनी निर्धास्त राहावं. आणि ज्यांना खरंच ऐकायचंय त्यांनी वळवाच्या आधी, चैत्र-वैशाखात दुपारनंतर पठारावर यावं, हेडफोनचा दुसरा जोड माझ्याकडं आहे. फक्त तिथं पोचल्यावर अर्धा तास काही विचारू नका.