अण्णांच्या माघारी उघडलेलं दुकान

अण्णा गेले ते भर एप्रिलात. लालबागमध्ये मसाल्याचं दुकान चालवणाऱ्याचं खरं वर्ष मार्च ते मे. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून बरण्या भरायच्या म्हणून थेट विरार-पनवेलहून बायका पिशव्या घेऊन येतात. आमच्याकडे मिरच्या ऊन दाखवून, देठ काढून तयार होत्या आणि कित्येक घरांचे पैसे आगाऊ जमा होते.

सुतक फिटेपर्यंत दुकान बंद, हे आम्ही कामगारांनी धरूनच ठेवलं होतं. पण चौथ्या दिवशी सकाळी वहिनींचा निरोप आला, "लोकांच्या मिरच्या अडकल्यात. दुकान उघडा." त्या स्वतः आल्या नाहीत. थोरली लेक आली. लग्न झालेल्या मुलीचं सुतक तीन दिवसांचं, ते संपलं होतं. बँकेत नोकरी करणारी मुलगी, पण ओढणी कमरेला खोचून सरळ गल्ल्यावर बसली. बसल्या बसल्या तिनं खाली हात घातला आणि विचारलं, "तेलाची बाटली आहे ना?"

त्या बाटलीबद्दल सांगायलाच हवं. दिवसभर मिरचीत हात घालणाऱ्याचे हात नुसते पाण्यानं धुऊन भागत नाही, जळजळ राहतेच. मिरचीचा तिखटपणा तेलात सुटतो. म्हणून अण्णा गल्ल्याखाली खोबरेल आणि बेसनाचा डबा ठेवायचे. मुली लहान होत्या तेव्हा शाळा सुटली की धावत दुकानात यायच्या आणि अण्णांच्या कमरेला मिठी मारायच्या. अण्णा दोन्ही हात वर करून उभे राहायचे. मग तेल चोळायचं, बेसन लावायचं, साबणानं धुवायचं, नखं बघायची आणि त्यानंतरच पोरीच्या डोक्यावर हात. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी यात कधी घाई केलेली मी पाहिली नाही.

पुढं वहिनींचे हात संधिवातानं आखडले. तेव्हापासून सकाळची कणीक अण्णा मळून यायचे, दुकानात शिरायच्या आधी, म्हणजे हात मिरचीला लागायच्या आत. तेव्हा दहावीची परीक्षा मार्चमध्ये असायची, आमच्या ऐन सीझनात. तरी तिन्ही मुलींच्या वेळी पेपर सुटेपर्यंत अण्णा केंद्राबाहेर उभे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "मिरची उद्याही भाजता येईल, पोरीचा पेपर आजच आहे." धंद्यात इतका मुरलेला माणूस घरासाठी धंदा असा सहज बाजूला ठेवायचा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्या दिवशी दहा वाजेपर्यंत रांग रस्त्यावर गेली. थोरलीनं वही काढली. आमच्या दुकानात प्रत्येक घराचं प्रमाण वहीत असतं. मालवणी मसाला झाला तरी कणकवलीच्या घराचा वेगळा, वेंगुर्ल्याच्या घराचा वेगळा. रंगासाठी बेडगी, तिखटासाठी पांडी, कुणाला संकेश्वरी लागते, कुणाला दगडफूल जास्त, कुणाला नागकेशर अजिबात नको. निम्म्या पानांवर अक्षर थोरलीचंच होतं, शाळेतलं, गोल गोल. गोणीवर बसून गृहपाठ करणाऱ्या पोरीला अण्णा मधेच सांगायचे, "लिही गं, बेडगी तीन किलो, धणे एक, हळकुंड पाव."

दुपारी डोंबिवलीहून एक जुने गिरणी कामगार आले. त्यांना मसाला नको होता, अण्णा गेल्याचं कळल्यावर आले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा गल्ल्यावर अण्णांचे वडील होते आणि अण्णा नुकते दुकानात बसू लागलेले. संपाच्या सगळ्या काळात या घराला मसाला उधार मिळाला. नंतर बऱ्याच जणांना गिरणीनं परत घेतलंच नाही. हे काका खोली सोडून डोंबिवलीला गेले, तरी वसुलीला कुणी दारात आलं नाही. "मी फेडले सगळे, हप्त्या-हप्त्यानं," ते थोरलीला म्हणाले. "पण शेवटच्या हप्त्याला तुझ्या बापानं घेतले त्याच्या निम्मे परत दिले. म्हणाला, पोरांना वह्या घ्या." थोरलीला तिथं रडू आलं. आम्ही कुणी काही बोललो नाही. भट्टीवाल्यानं कढई उतरवून ठेवली आणि काकांसाठी चहा सांगितला.

संध्याकाळी वरळी कोळीवाड्यातल्या मावशी आल्या. "माझा नेहमीचा कर." वहीत त्यांच्या नावापुढं एवढंच होतं, ‘वरळी मावशी, नेहमीप्रमाणे.’ प्रमाण अण्णांच्या डोक्यात. मावशींना माहीत नव्हतं, कारण कधी सांगावंच लागलं नव्हतं.

मग आम्ही सगळे मिळून बसलो. मिरच्यांचं वजन मी करतो, त्यामुळं बेडगी, काश्मिरी आणि पांडी किती, ते मला आठवत होतं. भट्टीवाल्यानं खडा मसाला सांगितला, कारण भाजताना अण्णा त्याला बजावायचे की यांचं तीळ आणि खसखस अगदी शेवटी टाक. बाद्यानवर, म्हणजे चक्रफुलावर, आम्ही अडलो. मावशींनी डब्यातून उचलून हुंगलं, दोन बाजूला काढले, एक परत ठेवला. थोरली प्रत्येक आकडा लिहीत होती. कांडपाला माल गेला तेव्हा नऊ वाजून गेले होते, पण मावशी हलल्या नाहीत.

कांडून आलेला गरमागरम मसाला त्यांनी बोटावर घेतला, जिभेवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग थोरलीला म्हणाल्या, "अण्णाच्या हातापेक्षा तिखट जरा कमी हाय. पुढच्या वर्षी पांडी पावशेर वाढव. लिहून ठेव." थोरलीनं लिहून ठेवलं आणि पुढच्या शनिवारी कोण कोण यायचंय, ती यादी मला काढायला सांगितली.