कानावर ‘दफ्तर’, पडद्यावर ‘वही’: इराणी चित्रपटाला मराठी सबटायटल करताना

आमच्या फिल्म सोसायटीत परदेशी चित्रपट इंग्रजी सबटायटलवर चालतात. सभासदांना इंग्रजी येतं, पण अडीच सेकंदांत दोन ओळी वाचून वर पुन्हा चित्रही बघायचं, एवढं येतंच असं नाही. म्हणून एक चित्रपट मराठी सबटायटलसह दाखवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. चित्रपट इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामीचा, १९८७ सालचा, ‘मित्राचं घर कुठे आहे?’. लांबी ८३ मिनिटं. गोष्ट एवढीशी: कोकेर गावचा अहमद वर्गमित्र नेमतजादेची वही चुकून घरी आणतो आणि ती परत द्यायला डोंगरापलीकडच्या पोश्ते गावी पळत जातो. वाक्यं छोटी, शब्द रोजचे. सोपं जाईल असं वाटून हा निवडला. तसं ते गेलं नाही.

आधी कागद. विकत घेतलेली डिस्क घरी बघण्यापुरती असते, सभागृहात दाखवायचा हक्क वेगळा मागावा लागतो. ‘हौशी मंडळ आहे, तिकीट नाही, मग कायद्यात सवलत आहे’ असं हमखास कुणीतरी सांगतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली ती सवलत साहित्य, नाट्य आणि संगीताच्या सादरीकरणाला आहे, चित्रपटाला नाही. शिवाय सबटायटल हे भाषांतर, म्हणून हक्कधारकाला लिहिताना दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागायच्या: अमुक तारखेला एक खेळ, आणि त्या खेळासाठी मराठी सबटायटल. त्याच पत्रात संवादयादीही मागून घ्यायची. भारतात सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाला केंद्र सरकारची सूट लागते ती वेगळी. फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनमार्फत येणारे चित्रपट ती सूट घेऊनच येतात, आणि ती सभासदांपुरती असते. दारात पावती फाडून कुणालाही आत घेता येत नाही.

फाइल हातात आली की भाषांतराला बसण्याआधी फ्रेम-रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात ते, बघायचा. आमची फाइल २३.९७६ ची होती, तिच्यासोबतची इंग्रजी सबटायटल २५ ची. युरोपातल्या टीव्ही प्रतींवरून बनवलेली सबटायटल बहुतेक अशीच निघतात. पहिल्या मिनिटाला फरक जाणवत नाही, पण तासाभरात सबटायटल अडीच मिनिटं पुढे पळतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सबटायटल मागेपुढे होतात. त्याने सुरुवातीपासून सारखाच असलेला फरक निघतो, वाढत जाणारा निघत नाही. तिथे सगळ्या वेळा १.०४२७ ने गुणाव्या लागतात. ‘सबटायटल एडिट’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज फ्रेम रेट’ नावाची सोय आहे, तिने हे एका झटक्यात होतं. २४ आणि २३.९७६ मधला फरक फसवा आहे. तासाला जेमतेम साडेतीन सेकंद. चाचणीत पहिली दहा मिनिटं बघून सगळे खूश होतात आणि शेवटाकडे चित्रपटातला म्हातारा बोलायच्या आधीच त्याचं वाक्य खाली येतं. म्हणून मी चाचणी नेहमी शेवटच्या पाच मिनिटांवर घेतो.

मग मोजमाप. सबटायटलचा एक तुकडा कमीत कमी एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा सेकंद पडद्यावर ठेवायचा, ओळी दोनच, दोन तुकड्यांमध्ये दोन फ्रेमची फट. फट नसेल तर मजकूर बदलला हे डोळ्याला कळत नाही आणि माणूस तीच ओळ पुन्हा वाचतो. इथपर्यंत सगळ्या भाषांना सारखंच. वाचनाचा वेग मात्र मराठीत घोळ घालतो, कारण सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतं. ‘स्त्री’ हे त्याच्या लेखी सहा अक्षरं. ‘दुसऱ्या गावात जाऊन त्याची वही द्यायचीय’ हे वाक्य मोकळ्या जागा धरून ३८ भरतं, डोळा वाचतो ती अक्षरं १७. सेकंदाला सतराची इंग्रजी मर्यादा तशीच ठेवली, तर जोडाक्षरं जास्त असलेल्या ओळी सॉफ्टवेअरमध्ये ‘वाचायला फार जलद’ म्हणून विनाकारण लाल होतात आणि साध्या, पण लांबलचक ओळी हिरव्या सुटतात. मी बोटावर मोजायची अक्षरं धरली: सेकंदाला नऊ, ओळीला बावीस. हा आकडा कुठल्या नियमपुस्तकातला नाही, साठी ओलांडलेल्या चार सभासदांना पडद्यासमोर बसवून काढलेला आहे. तुमचा प्रेक्षक तरुण असेल तर अकरापर्यंत जायला हरकत नाही.

पहिला खर्डा मी इंग्रजीवरून केला आणि तो जवळजवळ सगळा फेकावा लागला. इंग्रजीत काय काय गळतं, ते फारसी कानावर पडायला लागल्यावर कळलं. ‘यू’मध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही बुडतात. फारसीत ‘तो’ आणि ‘शोमा’ वेगळे आहेत, आणि कान देऊन ऐकलं तर कुठे काय आहे ते भाषा न येणाऱ्यालाही टिपता येतं. मी प्रत्येक तुकड्यापुढे नुसतं त किंवा श लिहीत गेलो. यात गंमत अशी, की मराठी कानाला तो ‘तो’ म्हणजे तिसराच कुणी वाटतो. नात्यांचंही तेच. इंग्रजीतला ‘अंकल’ फारसीत अमू असतो किंवा दाई, आणि ‘आंट’ खाले असते किंवा अम्मे. म्हणजे काका, मामा, मावशी, आत्या. चार नाती आपल्याकडे चोख बसतात. इंग्रजीवरून केलं तर चारातलं कुठलं ते अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला की पुढच्या प्रसंगात नात्यांचा गुंता होतो.

दुसरी अडचण उलटी आहे: फारसी आपल्याला अर्धीमुर्धी समजते. बाजार, हजार, जमीन, शहर, कागद हे शब्द प्रेक्षकाला थेट ऐकू येतात. तिथे सबटायटलमध्ये भूमी, नगर असलं काही लिहिलं तर कान आणि डोळा भांडायला लागतात. ऐकू आलेला शब्द मराठीत त्याच अर्थाने जिवंत असेल तर तोच ठेवायचा. दारं-खिडक्या करणारा म्हातारा सुतार शेवटाकडे अंधारात अहमदबरोबर चालतो आणि त्याने केलेल्या दारांबद्दल बोलत राहतो. दाराला फारसीत ‘दर’ म्हणतात. तिथे ‘दरवाजा’ लिहिण्यात काही अर्थ नाही, ‘दार’ लिहिलं की ऐकलेलं आणि वाचलेलं एकमेकांवर बसतं. घराला ‘खाने’, दवाखाना, कारखाना यांतला खाना तोच, त्यामुळे चित्रपटाचं मूळ नाव, ‘खाने-ये दूस्त कोजास्त’, पाटीवर आलं तेव्हाच लोकांना निम्मं कळलं.

पण काही शब्द दगा देतात. ‘खूब’ म्हणजे बरं, ठीक. आपला ‘खूप’ तिथूनच आला असला तरी अर्थ सरकलाय. आणि ‘दफ्तर’. आपल्याकडे दप्तर म्हणजे शाळेची पिशवी किंवा कचेरीतले कागद. फारसीत शाळकरी पोराचं दफ्तर म्हणजे वही. सगळा चित्रपट त्या एका वहीवर उभा. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षक ‘दफ्तर’ ऐकतो, खाली ‘वही’ वाचतो आणि सबटायटल चुकलंय असं समजतो. एकदा असा संशय आला की तो पुढे प्रत्येक ओळ तपासत बसतो. यावर सबटायटलमध्ये उपाय नाही. कंसात खुलासा घालायचा मोह होतो, तो टाळला. पडद्यावर मुलाच्या हातात वही दिसते तोच तुकडा मी अर्धा सेकंद जास्त ठेवला, म्हणजे शब्द आणि वस्तू एकत्र दिसतात. शिवाय चित्रपटाच्या आधी वाटायच्या माहितीपत्रकात एक ओळ टाकली. तेवढं पुरलं.

वर्गात मास्तरांना पोरं ‘आगा’ म्हणतात. गुरुजी की सर? गुरुजी लिहिलं की आपल्या वाचनातली सगळी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांपुढे उभी राहते आणि कोकेर गाव सातारा जिल्ह्यात जाऊन बसतं. सर लिहिलं की पोरं ट्यूशनला गेल्यासारखी वाटतात. मी ‘सर’ ठेवलं, कारण ते छोटं आहे आणि लवकर विसरलं जातं. चित्रपट उत्तर इराणच्या गिलान भागातला, माणसं तिथलीच, अभिनेते नव्हेत, त्यांचे हेल स्थानिक. म्हणून खेड्यातल्या म्हाताऱ्याला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावावं अशी सूचना आली होती. ते करू नये. हशा नको तिथे येतो. साधी बोलीतली मराठी पुरते, आणि ‘घेतले आहे’ऐवजी ‘घेतलंय’ लिहिल्याने एक अक्षर वाचतं ते वेगळंच.

एक फायदा अनपेक्षित निघाला. फारसीतही क्रियापद शेवटी येतं. ‘दफ्तरेशो एश्तेबाही बरदाश्तम’ म्हणजे शब्दाला शब्द ‘त्याची वही चुकून उचलली’. लांब वाक्य दोन तुकड्यांत तोडायचं तर मराठीत ते बोलणाऱ्याच्या श्वासाबरोबर तुटतं. इंग्रजी सबटायटलमध्ये क्रियापद आधी फुटतं, त्यामुळे म्हातारा अजून अडखळतोय आणि प्रेक्षकाला शेवट ठाऊक झालेला असतो. म्हणून इंग्रजीचे तुकडे जसेच्या तसे घेऊ नका, फक्त सुरुवातीची वेळ घ्या आणि तोडायची जागा आवाजावरून ठरवा. पुनरुक्तीचंही तसंच. अहमद आईला तेच तेच सांगत राहतो आणि ती त्याला पुन्हापुन्हा अभ्यासाला बसवते. इंग्रजीत यातलं बरंच ‘कळलं असेलच’ म्हणून गाळतात. चित्रपटाचा सगळा ताण त्या तेच-तेच सांगण्यात आहे. जागा असेल तिथे प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य दिलं, तेही त्याच शब्दांत.

एका संध्याकाळी आठ ते दहा मिनिटांचा चित्रपट होतो, त्याहून जास्त केलं की दुसऱ्या दिवशी खोडावं लागतं. खर्ड्याला दहा संध्याकाळी लागल्या, दुसऱ्या हाताला चार. फारसी येणाऱ्या माणसाला शेवटी नाही, खर्डा संपताच बसवा. आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून फक्त सबटायटल वाचत बघा, न जमलेलं मराठी तेव्हा ओरडून सांगतं.

फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवायची, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात. तरीही काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात, ‘स्त्री’ची हलन्तांची माळ होते. माझी तपासणीची ओळ ठरलेली आहे: ‘दुसऱ्या स्त्रीची कुऱ्हाड, कर्तृत्व, ज्ञान’. यातला ‘ऱ्या’ सगळ्यात आधी मोडतो, ‘दुसर्या’ असा रफार होऊन बसतो. सबटायटलची फाइल नेहमीच्या एसआरटीऐवजी एएसएस प्रकारात साठवून एमपीव्ही प्लेअरवर चालवलं की अक्षरं नीट जुळतात. फॉन्ट मुक्ता, मधल्या वजनाचा, पांढरा, काळी कड. बारीक कड उन्हातल्या मातीच्या भिंतींवर हरवते. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा वाढवावं लागतं, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

मग सभागृह. सपाट जमीन असली तर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण चार फुटांवर येतं, आणि सबटायटल नेमकं पडद्याच्या तळाशी असतं. पडद्याची खालची कड साडेचार फुटांवर हवी. बारा फूट रुंद चित्राची उंची पावणेसात फूट, म्हणजे वरची कड सव्वाअकरा फुटांवर जाते. छत दहा फुटांचं असेल तर बारा फुटांचा हट्ट सोडून रुंदी साडेनऊवर आणायची. लोक कुरकुरतात, ‘पडदा लहान केलात’, पण वाचता न येणारा मोठा पडदा त्याहून वाईट. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावायच्या, आणि सबटायटल तळापासून चित्राच्या उंचीच्या आठ टक्के वर उचलायचं. आमची शेवटची रांग ४५ फुटांवर, अक्षर शिरोरेषेपासून खाली चार इंच. त्याखाली गेलो तेव्हा मागून ‘काय म्हणाला?’ ऐकू यायला लागलं. दारावरचा ‘बाहेर’चा दिवा पडद्याच्या बाजूला असेल तर तो झाकू नका, पडदाच दुसऱ्या भिंतीला लावा.

खेळ झाल्यावर चित्रपटाची फाइल पत्रातल्या अटीप्रमाणे पुसली. सबटायटलची फाइल आहे. तिच्या नावातच २३.९७६ लिहून ठेवलंय.